हिशेबात मांडलेली माणसे : गुलामवाहू गलबते आणि पश्चिम किनारा

गुलामांच्या व्यापाराचा विषय निघाला की सर्वसाधारण मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर अटलांटिक महासागर, अमेरिकेतील ऊस-कापसाचे मळे आणि बेड्यांनी जखडलेले आफ्रिकी लोक उभे राहतात, आणि हा सारा इतिहास दूरदेशीचा आहे असे सहजच गृहीत धरले जाते. वस्तुतः आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसे भरून निघालेली गलबते हिंदी महासागरातही शतकानुशतके ये-जा करीत होती, आणि त्यांच्या प्रवासाची काही टोके चौल, वसई, मुंबई आणि गोवा या बंदरांत होती. त्या गलबतांवर माणसांना जी वागणूक मिळाली तिचे वर्णन बहुधा काही निर्दय कप्तानांच्या क्रौर्याची कहाणी म्हणून केले जाते. परंतु उपलब्ध पुरावा बारकाईने पाहिला असता असे दिसते की या व्यापारात क्रौर्यापेक्षाही भयंकर अशी एक गोष्ट होती, ती म्हणजे माणसाला माल ठरवून त्याची जागा, पाणी, जकात आणि विमा यांचा थंडपणे मांडलेला हिशेब. हा हिशेब पश्चिम किनाऱ्यावरही मांडला गेला, आणि गुलामांची सुटका झाल्यानंतरही तो पुरता मिटला नाही.

या हिशेबाची सर्वांत तपशीलवार नोंद अटलांटिकच्या व्यापारात सापडते, कारण तेथे जहाजमालक, विमेकरी आणि पुढे संसदीय चौकश्या यांनी कागदांचे ढीग मागे ठेवले. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसे या महासागरावरील जहाजांत चढवली गेली आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली. उरलेली जवळजवळ १८ लाख माणसे समुद्रातच संपली. युरोपातून कापड, बंदुका व दारू आफ्रिकेकडे, आफ्रिकेतून माणसे अमेरिकेकडे आणि अमेरिकेतून साखर, तंबाखू व कापूस परत युरोपकडे अशा त्रिकोणी फेरीतील हा दुसरा टप्पा असल्यामुळे इतिहासकार त्याला ‘मधला प्रवास’ म्हणतात.

लिव्हरपूलचे ‘ब्रूक्स’ हे जहाज या संदर्भात सर्वांत प्रसिद्ध आहे. ब्रिटिश संसदेने १७८८ मध्ये केलेल्या कायद्याने जहाजाच्या टनभारानुसार किती गुलाम न्यावेत याची मर्यादा घातली, आणि तिच्याप्रमाणे या जहाजावर ४५४ माणसे नेण्यास परवानगी होती. गुलामीविरोधी चळवळीतील लोकांनी या जहाजाचा जो आराखडा छापून प्रसिद्ध केला त्यात प्रौढ पुरुषासाठी सहा फूट लांब आणि अवघी एक फूट चार इंच रुंद जागा धरली होती, आणि एवढी दाटी करून परवानगीएवढी माणसे कशीबशी मावत होती. मात्र कायद्यापूर्वीच्या एका फेरीत याच जहाजाने ६०९ माणसे नेली होती. दोन मजल्यांच्या मधोमध फळ्यांची आणखी एक माची ठोकून तिच्यावर माणसांचा दुसरा थर निजवला जाई, त्यामुळे वरच्या वा खालच्या माणसाला उठून बसणेही शक्य नसे. पुरुषांना दोघादोघांच्या जोडीने, एकाचा पाय दुसऱ्याच्या पायाशी बेडीने अडकवून ठेवले जाई, आणि शौचासाठी ठेवलेल्या टोपापर्यंत जाण्यासाठी त्या जोडीला अंधारात इतरांच्या अंगावरून फरपटत जावे लागे. अलेक्झांडर फाल्कनब्रिज हा अशा जहाजांवर शल्यवैद्य म्हणून काम केलेला मनुष्य होता; त्याने १७८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात हगवणीची साथ आल्यावर तळमजल्याची फरशी रक्त आणि आव यांनी इतकी माखलेली असे की तेथे कत्तलखान्याचाच भास व्हावा, असे नमूद केले आहे.

या व्यवस्थेत माणसाला मरण्याचीही मोकळीक नव्हती. समुद्रात उडी टाकून कोणी जीव देऊ नये म्हणून जहाजाच्या कडांना जाळी बांधली जाई, अन्न नाकारणाऱ्याचे दात स्क्रूने फाकवणारे एक लोखंडी अवजार जहाजावर असे, आणि अंग आखडून भाव उतरू नये म्हणून बेड्या घातलेल्या माणसांना रोज काही वेळ वरच्या मजल्यावर आणून चाबकाच्या धाकाने नाचवले जाई. टॉमस क्लार्कसन या चळवळ्याने ते लोखंडी अवजार लिव्हरपूलमधील एका दुकानातून सरळ विकत घेतले होते. ज्या वस्तूने माणसाचे तोंड बळाने उघडले जाते ती बाजारात उघडपणे मिळत असावी, यावरून त्या समाजाच्या सवयीची कल्पना येते. १७८१ मध्ये ‘झाँग’ नावाच्या जहाजावरील लोकांनी, पाणी कमी पडत असल्याचे कारण सांगून, सुमारे १३० जिवंत माणसे समुद्रात फेकली आणि नंतर मालकांनी विमेकऱ्यांकडे दर माणशी ३० पौंडांची मागणी केली. १७८३ मध्ये हा खटला लंडनच्या न्यायालयात चालला तो खुनाचा खटला म्हणून नव्हे तर विम्याचा दावा म्हणून, आणि सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी कायद्याच्या दृष्टीने हे प्रकरण घोडे समुद्रात फेकण्यासारखेच असल्याचे म्हटल्याची नोंद आहे. जहाजावर जे घडले त्यापेक्षाही न्यायालयात जे घडले ते अधिक विचार करायला लावणारे आहे, कारण तेथे कोणीही संतापाच्या भरात नव्हते.

हिंदी महासागरातील व्यापार याहून कितीतरी जुना होता आणि त्याचे स्वरूप काही बाबतींत वेगळे होते. येथे खास गुलामांसाठी बांधलेली मोठी जहाजे क्वचितच असत. ‘धाऊ’ या सर्वसाधारण नावाने ओळखली जाणारी शिडाची अरबी गलबते, ज्यांतील मोठ्या प्रकाराला ‘बगला’ म्हणत, हस्तिदंत, लवंग, खजूर, कापड आणि माणसे हा सारा माल एकत्रच वाहत. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यांवर ही गलबते अरबस्तान व कच्छ-काठेवाडकडून आफ्रिकेकडे जात आणि उन्हाळ्यापासून वाहू लागणाऱ्या नैऋत्य मोसमी वाऱ्यांवर परत फिरत. अटलांटिकपलीकडे मळ्यांसाठी प्रामुख्याने तरुण पुरुषांना मागणी होती, तर इकडे घरकाम, जनानखाना, खलाशीकाम आणि लष्कर यांसाठी माणसे घेतली जात असल्यामुळे स्त्रिया आणि मुले यांचे प्रमाण अधिक होते. जहाजांच्या नोंदवह्या जवळजवळ नसल्याने येथे मेलेल्यांची गणती तर दूरच, विकल्या गेलेल्यांचीही पक्की गणती करता येत नाही.

मराठी वाचकाला हा व्यापार ठाऊक असतो तो मलिक अंबरच्या रूपाने. सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात जन्मलेला हा मुलगा लहानपणीच विकला गेला, तांबड्या समुद्रावरील मोखा आणि पुढे बगदाद अशा ठिकाणी हात बदलत दख्खनमध्ये आला, निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले, आणि त्याच मुलाने पुढे निजामशाहीचा कारभार हाती घेऊन मोगलांना दोन दशकांहून अधिक काळ झुंजवले, तसेच खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर वसवले. जंजिऱ्याचे सिद्दी हेही असेच सत्ताधारी झाले आणि त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारी हबशी गुलामाला मुक्त होऊन सरदारपदी चढता येत असे, ही गोष्ट खरीच आहे आणि अटलांटिकच्या मळ्यांत तिला जोड नाही. तथापि, या थोड्या यशस्वी माणसांच्या चरित्रांकडे बोट दाखवून ‘आपल्याकडची गुलामी सौम्य होती’ असे म्हणण्याची जी पद्धत रूढ झाली आहे ती तपासून पाहण्याची गरज आहे, कारण जे सेनापती झाले त्यांची नावे बखरींत आली, आणि जे वाटेत गलबताच्या तळाशी गुदमरून मेले त्यांची आली नाहीत.

त्या तळाचे चित्र एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश आरमारी अधिकाऱ्यांच्या लेखनातून मिळते. ‘डॅफ्नी’ या युद्धनौकेचे कप्तान जॉर्ज सलिव्हन यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पकडलेल्या एका धाऊचे वर्णन आहे. गलबताचा तोल राखण्यासाठी तळाशी दगडांचा थर टाकलेला असतो, त्याला नीरम म्हणतात. या धाऊत त्या नीरमाच्या दगडांवर, खाली चटईसुद्धा न घालता, २३ स्त्रिया अंग दुमडून बसवलेल्या होत्या आणि त्यांतील एकदोघींच्या कडेवर तान्ही मुले होती. त्यांच्या वर सुमारे तीन फुटांवर बांबूंची माची करून ४८ पुरुष कोंबलेले होते आणि तिच्याही वरच्या माचीवर ५३ मुले होती. बांबूंच्या फटींतून वरच्या थराची घाण खालच्या थरावर पडत असणार हे वेगळे सांगायला नको. सर्वांत तळाच्या स्त्रियांना उजेड, वारा आणि पाणी या तिन्ही गोष्टी सर्वांत शेवटी मिळत. वर आणलेल्यांपैकी कित्येकजण उपासमार आणि हगवण यांनी शेवटच्या अवस्थेला पोचलेले होते.

गलबतात चढण्यापूर्वीच या माणसांचा निम्मा देह झिजलेला असे. आजच्या मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या देशांच्या अंतर्भागात, विशेषतः न्यासा सरोवराच्या आसपास, गावांवर धाडी घालून किंवा कर्जाच्या वसुलीपोटी माणसे धरली जात, त्यांच्या मानेत दुबेळक्याचे जड लाकूड अडकवून आणि बहुधा दुसऱ्याच्या हस्तिदंताचे ओझे डोक्यावर देऊन त्यांना किनाऱ्यावरील किल्वा बंदरापर्यंत आठवडेच्या आठवडे चालवत आणले जाई. किल्वाहून झांझिबार बेटापर्यंतचा सागरी प्रवास अनुकूल वाऱ्यावर काही दिवसांचाच असल्यामुळे व्यापारी त्यासाठी अन्नपाणी जवळजवळ ठेवतच नसत, आणि वारा पडला की हा हिशेब माणसांच्या जिवावर बेते. झांझिबारच्या जकात नाक्यावर दर गुलामामागे ठरावीक कर द्यावा लागत असल्याने जो माणूस जगणार नाही असे व्यापाऱ्याला वाटे त्याच्यावर कर भरणे तोट्याचे ठरे, म्हणून अशांना गलबतातच किंवा किनाऱ्याच्या वाळूत मरण्यासाठी सोडून देत, असे तेथील ब्रिटिश वकिलांनी, म्हणजे कॉन्सलांनी, कळवलेले आहे. झाँगवरील विमा आणि झांझिबारची जकात यांच्यामागील तर्क एकच होता.

पोर्तुगीजांनी या व्यापाराला कोकणात थेट वाट करून दिली. मोझांबिक त्यांच्या ताब्यात असल्यामुळे तेथील माणसे गोवा, दमण, दीव आणि वसई येथे नियमितपणे आणली जात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहून गेलेला डच प्रवासी लिन्शोटेन आणि सतराव्या शतकाच्या आरंभी आलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल या दोघांनीही गोव्याच्या मुख्य रस्त्यावर अरबी घोडे आणि इतर माल यांच्याबरोबरच स्त्री-पुरुष गुलामांचा लिलाव होत असल्याचे वर्णन केले आहे. पोर्तुगीज घराण्यांत पालखी उचलायला, छत्री धरायला, पाणी भरायला आणि पहाऱ्याला ‘काफर’ म्हणून ओळखले जाणारे हे आफ्रिकी लोक बाळगणे प्रतिष्ठेचे समजले जाई. आज भांडुप, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांनी व्यापलेला, ठाण्याच्या खाडीलगतचा साष्टी बेटाचा पूर्व भाग १५३४ च्या वसईच्या तहानंतर याच पोर्तुगीज अमलाखाली आला, आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेईपर्यंत तेथील गावे पोर्तुगीज सरदारांना जहागिरीसारखी वाटून दिलेली होती. वसईच्या तटबंदीतील ज्या घराण्यांचे ऐश्वर्य साष्टीच्या भातशेतीवर उभे होते त्याच घराण्यांत हे गुलामही होते. गोव्यातून पळालेल्या अनेकांनी घाट चढून उत्तर कन्नडच्या जंगलांचा आश्रय घेतला. हल्याळ, यल्लापूर आणि अंकोला परिसरातील सिद्दी समाजाच्या पूर्वजांत त्यांचा मोठा वाटा आहे. हा समाज कन्नड-मराठीच्या मिश्रणाची कोकणी बोलतो, त्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती तिन्ही धर्मांचे लोक आहेत, आणि २००३ मध्ये कर्नाटकात त्याला अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

इंग्रजांनी मुंबई ताब्यात घेतल्यावर त्यांनीही हीच वाट धरली. सतराव्या आणि अठराव्या शतकांत ईस्ट इंडिया कंपनीने मादागास्करमधून गुलाम विकत घेऊन मुंबईच्या कामांसाठी आणले आणि त्यांचा उपयोग मजूर व शिपाई म्हणून केला. याच मादागास्करच्या किनाऱ्यावरून केप वसाहतीकडे निघालेल्या ‘मीर्मिन’ या डच जहाजावर १७६६ मध्ये गुलामांनी उठाव करून जहाज काही काळ ताब्यात घेतले होते, यावरून ही माणसे निमूटपणे वाहून नेली जात होती असा समज करून घेणे चूक ठरते.

येथे मराठी सत्तेविषयीही स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी डच कंपनीला जो कौल दिला त्यात, पूर्वीच्या अमलात तुम्ही येथून स्त्री-पुरुष गुलाम विकत घेऊन नेत होता, परंतु या मुलखावर आपला अंमल असेपर्यंत ते चालणार नाही, असे बजावले होते. त्या काळात इतका स्पष्ट मनाई हुकूम देणारे सत्ताधीश विरळाच, आणि या कौलाचा जितका उल्लेख व्हायला हवा तितका होत नाही. परंतु त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी पेशव्यांच्या दप्तरात ‘कुणबिणी’ म्हणजे विकत घेतलेल्या किंवा सरकारजमा झालेल्या दासी यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी मुबलक आढळतात, आणि या स्त्रिया कोठ्यांत, पागेत व वाड्यांत राबत होत्या. त्या बहुतेक एतद्देशीय होत्या, गलबतातून आलेल्या नव्हत्या. तरीही माणूस दप्तरात जिन्नस म्हणून लिहिला जाण्याची सवय समाजात मुरलेली असली की परदेशातून आलेल्या गुलामाकडे पाहून कोणाला धक्का बसत नाही, हेही त्यातून दिसते.

एकोणिसाव्या शतकात झांझिबार आणि मुंबई यांचे नाते फारच घट्ट झाले होते. झांझिबारच्या जकातीचा मक्ता दीर्घकाळ जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता, तेथील अरब आणि स्वाहिली व्यापाऱ्यांना अंतर्भागात जाण्यासाठी लागणारे भांडवल कच्छ आणि मुंबईच्या सावकारांकडून मिळे, आणि गुलामांच्या डोक्यांवरून किनाऱ्याला आलेले हस्तिदंत मुंबईच्या बाजारात येऊन त्याचा काही भाग लंडनला, तर काही भाग बांगड्यांसाठी गुजरात-राजस्थानात जाई. झांझिबारमधील ब्रिटिश वकील मुंबई सरकारच्या हाताखाली काम करी. ख्रिस्तोफर रिग्बी हा तेथील वकील असताना, म्हणजे १८५८ ते १८६१ या काळात, त्याने ब्रिटिश प्रजाजन असलेल्या भारतीय व्यापाऱ्यांकडील हजारो गुलाम मुक्त करायला लावले. म्हणजे या व्यापाराचे पैसे आणि त्याला बसलेला आळा या दोहोंचीही काही मुळे मुंबईतच होती.

कायद्याने हा व्यापार फार सावकाश बंद झाला. ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवला, १८११ मध्ये तो गंभीर गुन्हा केला, भारतात १८४३ च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांना गुलामीचा हक्क मानण्यास मनाई केली, आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री शिक्षापात्र केली. मात्र झांझिबारच्या सुलतानाशी १८४५ मध्ये झालेल्या कराराने त्याच्या आफ्रिकी मुलखातल्या मुलखात गुलाम नेण्याची मुभा कायम ठेवल्यामुळे उत्तरेकडे निघालेली धाऊ लामू बंदर ओलांडेपर्यंत कायदेशीर प्रवास करीत असल्याचा दावा करू शके. ब्रिटिश युद्धनौका त्यापलीकडे पहारा देत आणि पकडलेली माणसे एडन, सेशेल्स, मॉरिशस किंवा मुंबई येथे उतरवत. या पाठलागातही पुन्हा डोकी मोजली जात होती, कारण मुक्त केलेल्या दर माणसामागे नौकेवरील लोकांना ५ पौंड बक्षीस मिळे. त्या बक्षिसामुळे अनेकांचे प्राण वाचले हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, धाऊच्या तळातून बाहेर आलेल्या स्त्रीचे पहिले स्वागत तिची किंमत नोंदवूनच होत होते.

मुंबईला उतरलेल्या या लोकांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ असे नाव पडले. १८६० च्या दशकाच्या मध्यास शहरात सुमारे २,००० आफ्रिकी होते आणि त्यांतील बरेच गोदीत व जहाजांवर कामाला होते; आगबोटींच्या भट्टीपुढे कोळसा टाकण्याचे, इतर खलाशी टाळत असलेले काम या ‘सिद्दी’ खलाशांकडे आले, आणि धाऊंचा पाठलाग करणाऱ्या युद्धनौकांवरही ते होते. लहान मुलांना पोलिसांमार्फत मिशनरी संस्थांकडे किंवा खासगी घरांत सोपवले जाई. त्यांच्यापैकी बरीच मुले नाशिकजवळच्या शरणपूर येथे गेली, जेथे चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी ख्रिस्ती वसाहत आणि तिच्याबरोबर आफ्रिकी मुलांसाठी आश्रमशाळा चालवली होती. 

शरणपुरात या मुलांना सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम आणि लेखन-वाचन शिकवले गेले, त्यांच्या कानांवर मराठी आणि हिंदुस्थानी पडली, आणि त्यांना नवी नावे देण्यात आली. याओ जमातीत जन्मलेल्या चेंगविम्बे या मुलाचा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. जेकब वेनराइट, कॅरस फॅरार, विल्यम जोन्स ही नावेही अशीच मिशनने लावलेली. या मुलांना अन्न, वस्त्र, औषध आणि शिक्षण मिळाले, आणि शरणपूरच्या शिक्षकांची कळकळ नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु आईबापांनी ठेवलेले नाव गलबताने हिरावले आणि आश्रमाने ते परत मिळवून देण्याचा विचार केला नाही, ही हानीही त्याच इतिहासाचा भाग आहे. आधीच्या पिढीत तर एका माणसाच्या नावाला शहराचेच नाव चिकटले होते. याओ मुलुखातून बालपणी धरला गेलेला सिदी मुबारक किल्वा व झांझिबारमार्गे एका भारतीय व्यापाऱ्याला विकला गेला, अनेक वर्षे भारतात राहिला, मालकाच्या मृत्यूनंतर मुक्त होऊन आफ्रिकेला परतला, आणि बर्टन, स्पीक व स्टॅन्ली या शोधप्रवाशांच्या मोहिमांचा वाटाड्या म्हणून ‘बॉम्बे’ या नावाने जगाला माहीत झाला. त्याच्या आईबापांच्या घरचे नाव कोणत्याही नोंदीत नाही.

मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी शिरे नदीच्या खोऱ्यातील गुलामांच्या तांड्यातून १८६१ मध्ये सोडवलेला चुमा नावाचा मुलगा १८६४ मध्ये त्यांच्यासोबत मुंबईला आला आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत शिकला. जानेवारी १८६६ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईहून आपल्या अखेरच्या मोहिमेवर निघाले तेव्हा चुमाखेरीज नाशिकचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर होते, आणि १८७२ मध्ये वेनराइट, वेलिंग्टन, फॅरार इत्यादी आणखी काही नाशिककर त्यांना जाऊन मिळाले. १८७३ च्या मे महिन्यात आजच्या झाम्बियात लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांच्या मृत्यूची नोंद जेकब वेनराइटने झाडावर कोरली आणि या सोबत्यांनी वाळवलेला मृतदेह कित्येक महिने खांद्यावर वाहून समुद्रकाठी पोचवला. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत झालेल्या दफनाच्या वेळी शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांत, इंग्लंडच्या नामवंतांच्या बरोबरीने, नाशिकला शिकलेला वेनराइट उभा होता. ज्या माणसांना धाऊच्या तळाशी नीरमाच्या दगडांवर टाकले गेले होते त्यांच्यातील लेखन, नेतृत्व आणि निष्ठा यांचा याहून मोठा पुरावा मागण्याचे कारण नाही.

त्याच १८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी सुरू केलेल्या वाटाघाटींतून झांझिबारचे सुलतान बर्गश यांनी ५ जून रोजी करारावर सही केली, तेथील गुलामांचा बाजार बंद झाला आणि त्या जागेवर पुढे चर्च उभे राहिले. आणि त्याच वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून तो निग्रोंना गुलामीतून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. फुले यांनी अमेरिकेतील मुक्तीकडे पाहून येथील शूद्रातिशूद्रांच्या स्थितीचा विचार मांडला, तेव्हा पुण्याहून काही दिवसांच्या अंतरावर, शरणपूरच्या कार्यशाळांत, धाऊंतून सुटलेली मुले रंधा आणि हातोडा चालवीत होती.

झांझिबारच्या कराराच्या पाठोपाठ प्राइस यांनी सुमारे दीडशे बॉम्बे आफ्रिकनांना मोंबासाजवळ नेऊन १८७५ मध्ये फ्रियरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी केली, आणि शरणपूरचा आफ्रिकी आश्रम त्यानंतर ओस पडला. नाशिकला लोहारकी आणि सुतारकी शिकलेली ही मंडळी मातृभूमीला परतली खरी, पण बहुतेकांना आपले मूळ गाव कोठे होते हेही ठाऊक नव्हते, आणि स्थानिक लोकांच्या दृष्टीने ती परकीच होती. जवळच्या रबाई येथील मिशनची जबाबदारी सांभाळणारे विल्यम जोन्स स्वतः बालपणी विकले गेलेले आणि मुंबई-नाशिकमध्ये वाढलेले होते. किनाऱ्यावरील अरब व स्वाहिली मालकांकडून पळालेले गुलाम त्यांच्याकडे आश्रयाला येऊ लागले, आणि वरिष्ठांचा व मालकांचा दबाव असूनही तेथे शेकडोंना थारा मिळाला. १८८८ मध्ये मालकांनी आपली ‘मालमत्ता’ परत मागितल्यावर नव्याने आलेल्या ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीने संघर्ष टाळण्यासाठी त्यांना दर माणशी ठरावीक रक्कम देण्याचे मान्य केले, आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबाईत चौदाशेच्या आसपास माणसांना मुक्ततेचे दाखले वाटण्यात आले. भरपाईचे पैसे मालकांकडे गेले. दाखला घेणाऱ्यांना त्यांच्या राबलेल्या वर्षांचे काहीही मिळाले नाही.